अकरा मिलिमीटर

सासरी पाऊल टाकून तास झाला नव्हता, तोच जावयाने बैठकीतला सोफा उताणा पाडला, त्याच्या पोटातून यंत्राने वाटीभर धूळ ओढून काढली आणि ती पांढऱ्या फडक्यावर पसरून सासूबाईंच्या नाकाखाली धरली.

"बघा आई. यावर तुम्ही रोज बसता."

"अगं बाई! आणि मी रोज झाडते हो!" सासूबाईंचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

"झाडून काही होत नाही. झाडू धूळ नुसती हलवतो. आणि ही बाहेरून येते असं समजू नका. आपल्यातूनच येते. केस, कातडीचा कोंडा, कपड्यांचे धागे. माणूस म्हणजे चालता-बोलता धुळीचा कारखाना!"

हे भाषण तो गेली बारा वर्षं दारोदार करत आला होता. व्हॅक्यूम क्लीनर विकणं हा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाईक लाजलं की यंत्र खपतं हे त्या धंद्याचं सूत्र. आज मात्र त्याला यंत्र खपवायचं नव्हतं, स्वतःला खपवायचं होतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी या घरात तो अजून खपला नव्हता.

सासरे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या मनात प्राध्यापक जावई होता. मुलीने दारावर यंत्र विकायला आलेल्या माणसाशी लग्न केलं, तेव्हा मास्तर रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त एक केलं. 'जावई' हा शब्द तोंडातून काढला नाही. घरी कोणी आलं की ते त्याच्याकडे हात करून म्हणत, "हे आमच्या मुलीबरोबर आलेत." मुलीने येताना छत्री आणावी, तसा तो तिच्याबरोबर आलेला असे. चारचौघांत एकदा, फक्त एकदा, त्यांनी आपल्याला जावई म्हणावं, यासाठी त्याचा जीव तुटत होता.

मास्तर सकाळच्या फेरफटक्याला गेले होते. ते परत यायच्या आत घर आरशासारखं करून ठेवायचं, असा त्याचा बेत होता. बैठक झाली, आतली खोली झाली, पुस्तकांचं कपाट झालं. बायको न्हायला गेली होती, सासूबाई चहा करायला. मग तो गॅलरीत आला. आजवरच्या त्याच्या भेटी बैठकीतच संपल्या होत्या, गॅलरी तो पहिल्यांदाच पाहत होता.

गॅलरीच्या कोपऱ्यात चिनी मातीचा एक उथळ ट्रे होता. ट्रेमध्ये नारळाएवढा दगड, दगडावर हिरवे-काळे डाग आणि दगडाच्या भोवती बोटाच्या जाडीएवढा साठलेला मळ. जावयाचं मन कळवळलं. एवढं टापटीप घर आणि हा कोपरा तेवढा राहिला! वय झालं बिचाऱ्यांचं, वाकवत नसेल. त्याने नळीला चिंचोळं तोंड लावलं, बटण दाबलं, आणि मळ गेला. मग ब्रशने दगडावरचे डाग खरवडले, ओल्या फडक्याने तो चारी बाजूंनी पुसला. जन्माला आला त्या दिवशीही तो दगड इतका लख्ख नसेल.

'बाबांचा दगड' हे शब्द त्याने बायकोच्या तोंडून शंभरदा ऐकले होते. पण त्याच्या डोळ्यांसमोर कुठल्यातरी अंगणातला मोठा धोंडा होता. शिवाय बायको माहेरचं सांगायला लागली की नवरा जसा 'हं, हं' म्हणतो, तसा तोही म्हणत आला होता.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. कपातला चहा बशीत आला, बशीतला फरशीवर.

"जावईबापू... दगड पुसलात?"

"दगडही आणि ट्रेही! कितीतरी वर्षांचा मळ होता हो."

"एकतीस," सासूबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

तेवढ्यात बायको डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिने ट्रे पाहिला, नवऱ्याच्या हातातली नळी पाहिली आणि टॉवेल सोडून तोंडाला लावला. मग जावयाला ती गोष्ट एकशेएकाव्यांदा ऐकायला मिळाली, आणि या खेपेला त्याने ती कान देऊन ऐकली.

एकतीस वर्षांपूर्वी एका मुलीने वर्गात विचारलं होतं, "सर, माती कुठून येते?" मास्तर म्हणाले, "जमिनीतून." मुलगी म्हणाली, "पण जमीन मातीचीच असते ना? मग ती कुठून येते?" वर्ग हसला. मास्तर ओशाळले. खडक झिजून माती होते हे पुस्तकातलं उत्तर त्यांना येत होतं, पण ते होताना त्यांनी कुठे पाहिलं होतं? त्याच संध्याकाळी ते टेकडीवरून एक उघडाबोडका दगड घेऊन आले, तो धुतला आणि गॅलरीत ठेवला. अट एकच. माणसाचा हात लागायचा नाही. ऊन, पाऊस, वारा काय करतील ते करोत. दरवर्षी एका ठरावीक तारखेला मास्तर पट्टी घेऊन बसत आणि वहीत नोंद करत. एकतीस वर्षांत अकरा मिलिमीटर माती जमली होती. ती मुलगी आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळेत नवी प्रयोगशाळा बांधली होती, सोमवारी तिचं उद्घाटन होतं. तिथे तो ट्रे मांडून मास्तर त्या प्रश्नाचं उत्तर देणार होते.

"त्यासाठीच तर आपण आलोय!" बायको म्हणाली. "गाडीत सांगत नव्हते का मी?"

"मला वाटलं, बाबांचा सत्कार आहे."

"होता. तू आत्ता ओढून घेतलास तो!"

सासूबाई ट्रेकडे टक लावून पाहत होत्या. "एकतीस वर्षं त्या कोपऱ्यावरून एकदा फडकं फिरवायला माझा हात शिवशिवत होता गं," त्या म्हणाल्या. "किती छान दिसतोय!" आणि मग त्यांना एकदम रडू फुटलं.

तिघांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर यंत्राची पिशवी उलटी केली. जावयाने माती काही आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ली नव्हती, पण इतक्या वर्षांची जुनी कधी खाल्ली नव्हती. पिशवीतून केसांचे बोळे निघाले, सदऱ्याची बटणं निघाली, पेनाचं टोपण निघालं, बिस्किटांचा चुरा निघाला आणि मास्तरांच्या खिशांतून वर्षानुवर्षं गळलेली खडूची भुकटी. आधी पिठाची चाळणी आणली, मग चहाची गाळणी. काही उपयोग झाला नाही. दगडाची माती आणि घरातली धूळ इतक्या एकजीव झाल्या होत्या की कुठली कोणती, ते परमेश्वरालाही सांगता आलं नसतं.

"मी बाबांना सांगून टाकतो," जावई म्हणाला.

"मुळीच नाही!" सासूबाईंनी डोळे पुसले. "त्यांचं ब्लडप्रेशर माहितीय ना? सोमवार पार पडू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी पुदिन्याची कुंडी आहे, त्यातली माती घाला."

इथे त्याने नको म्हणायला हवं होतं. तसं त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण चार वर्षांनी सासऱ्यांना खूश करायला आलेला माणूस, पहिल्याच सकाळी त्यांचं एकतीस वर्षांचं काम पिशवीत भरून कसा उभा राहणार? तो गप्प बसला. पुढे त्याला चुकीपेक्षा त्या गप्प बसण्याचाच जास्त पश्चात्ताप झाला.

कुंडीतली माती आली. बायकोने पट्टी लावून ती बरोबर अकरा मिलिमीटर थापली. मोरीच्या पाइपवरचं शेवाळ खरवडून दगडाला चिकटवलं. "जरा डावीकडे," सासूबाई म्हणाल्या, "तो डाग डावीकडे होता." हात धुवून होतात न होतात तोच घंटी वाजली.

मास्तर आत आले. सोफ्याकडे, कपाटाकडे, चकचकीत फरशीकडे त्यांनी पाहिलं. "घर बरं दिसतंय," ते म्हणाले. चार वर्षांतला त्यांचा हा पहिला चांगला शब्द. तो जावयाला काट्यासारखा रुतला.

मास्तर ट्रेकडे फक्त रविवारी सकाळी बघत. दुसऱ्या दिवशी रविवार उजाडला. मास्तर भिंग घेऊन गॅलरीत गेले आणि पाच मिनिटांनी तिथून हाक आली. "इकडे या! सगळे इकडे या!"

तिघं एकमेकांच्या आडोशाने गॅलरीत गेले. सासूबाई रक्तदाबाची गोळी मुठीत धरूनच आल्या होत्या. मास्तर गुडघ्यांवर बसले होते.

"गांडूळ," ते हळूच म्हणाले. "माझ्या मातीत गांडूळ आलंय."

पुदिन्याच्या कुंडीत ओलावा भरपूर असतो, हे तिघांनाही त्याच क्षणी आठवलं.

"दुसऱ्या मजल्यावर! कोणी न आणता!" मास्तरांचा आवाज चिरकला. "बेडूकसरांना बोलवा!"

बेडूकसर खालच्या मजल्यावर राहत. मास्तरांच्याच शाळेत त्यांनी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि त्यापायी इतके बेडूक कापले की स्वतःचं खरं नाव तेही विसरले होते. ते धापा टाकत वर आले, वाकले, भिंगातून बराच वेळ पाहत राहिले.

"अशक्य आहे," ते म्हणाले. "आणि समोर दिसतंय."

"पक्ष्याच्या पायाला अंड्यांचा कोष चिकटून आला असेल?" मास्तरांनी विचारलं.

"असू शकेल. मी म्हणतो असेलच! दुसरा मार्गच नाही."

जावयाच्या डोळ्यांसमोर दुसरा मार्ग लख्ख होता. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून येत होता.

बेडूकसरांनी काडीने माती जरा बाजूला केली आणि ओरडले, "मास्तर, दुसरं!"

"दुसरं?"

"एक असतं तर योगायोग म्हणालो असतो. दोन म्हणजे वसाहत! हे विज्ञान परिषदेला कळवलं पाहिजे. आजच!"

मग जे सुरू झालं ते कोणाच्या आवाक्यात राहिलं नाही. बेडूकसर परिषदेला पाठवायचं पत्र सांगू लागले आणि मास्तरांची मुलगी ते लिहू लागली. 'पक्ष्याच्या पायाला' या शब्दांपाशी तिने तीनदा पेन थांबवलं. मास्तरांनी मुख्याध्यापिकेला फोन लावला. मुख्याध्यापिकेने उत्साहाच्या भरात वर्तमानपत्राच्या बातमीदाराला उद्याचं बोलावणं धाडलं. सासूबाई 'सोमवार पार पडू दे' म्हणाल्या होत्या. आता सोमवार पार पडला तर पुदिन्याची माती छापून येणार होती.

या सगळ्या गडबडीत मास्तर जावयाकडे वळले.

"तुम्ही मागे का उभे? या, बसा इथे. धरा भिंग."

जावई बसला. भिंगातून गांडूळ त्याला बोटाएवढं जाड दिसलं.

"तुमचा धंदा घाण काढायचा," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात आज धार नव्हती. "पण बघा, त्याच घाणीला वेळ दिला की तिची माती होते आणि मातीत जीव येतो. उद्या तुम्ही माझ्या शेजारी बसा. व्यासपीठावर."

चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते ताटात वाढून समोर आलं होतं. बायको पत्र लिहिता लिहिता डोळ्यांनी 'गप्प बस' म्हणत होती. सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "हे बघायला मी नसेन."

जावयाने भिंग खाली ठेवलं.

"बाबा, ही माती पुदिन्याची आहे."

"काय?"

त्याने सांगितलं. सोफ्यापासून शेवाळापर्यंत, काही न गाळता. बारा वर्षं तो लोकांना त्यांची घाण पांढऱ्या फडक्यावर मांडून दाखवत होता. आज पहिल्यांदा तो स्वतःची मांडत होता. तो आत जाऊन पिशवी घेऊन आला. "तुमची माती यात आहे, बाबा. पण यात सोफाही आहे."

बेडूकसर उठले. "माझं दूध गॅसवर आहे," असं पुटपुटत ते निघून गेले. त्यांच्या घरी दूध दुपारी येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर पिशवीकडे बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ लागला?"

"कशाला?"

"ओढायला."

"चार-पाच सेकंद."

"चार की पाच? नीट सांगा."

"पाच."

मास्तरांनी मान हलवली. दोन्ही गांडुळं अलगद उचलली, स्वयंपाकघरात नेऊन पुदिन्याच्या कुंडीत सोडली. "यांचा काही दोष नाही," एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ते जेवायला आले नाहीत. "अहो, कुंडीची अक्कल माझी होती हो," सासूबाई बंद दाराला म्हणाल्या. बायको नवऱ्याजवळ येऊन बसली. जावयाला सगळ्यात जास्त खुपत होतं ते मातीचं जाणं नव्हे. ती न कळत गेली. पण त्या गांडुळामुळे म्हातारा माणूस दोन तास जग जिंकल्यासारखा वावरला होता, आणि तो खोटा आनंद त्याला आपण दिला आणि आपणच काढून घेतला, याची त्याला शरम वाटत होती.

सोमवारी सकाळी तो बॅग भरून दाराशी आला. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून तिथे उभे होते.

"कुठे निघालात?"

"स्टेशनवर. मला वाटलं, आज मी नसलेलाच बरा."

"ती बॅग राहू द्या. यंत्र घ्या. शाळेत जायचंय."

नव्या प्रयोगशाळेत ऐंशी मुलं मांडी घालून बसली होती. टेबलावर रिकामा ट्रे, ट्रेमध्ये धुवून पुसलेला दगड. गांडूळ बघायला आलेला बातमीदार तो ट्रे पाहून वही खिशात घालून निघून गेला. मुख्याध्यापिकेला मास्तरांनी बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण तिने मान डोलावली. मग मास्तर वही उघडून उभे राहिले.

"वर्ष पहिलं. काही नाही. वर्ष दुसरं. काही नाही. वर्ष तिसरं. काही नाही."

मुलं हसायला लागली.

"वर्ष सातवं. दगडाच्या पाठीवर एक हिरवा ठिपका. वर्ष बारावं. चिमूटभर भुकटी, थोडी दगडाची, थोडी वाऱ्याने आणलेली, थोडी मेलेल्या शेवाळाची. वर्ष एकोणिसावं. बोट लावलं तर बोटाला चिकटेल एवढी. लावलं नाही." हसणं हळूहळू कमी झालं. मास्तर वाचत राहिले. "वर्ष एकतिसावं. अकरा मिलिमीटर." त्यांनी पान उलटलं. "त्याच वर्षी, शनिवारी सकाळी. पाच सेकंद."

शाळेच्या आवारातून खरवडून आणलेली मूठभर माती त्यांनी टेबलावर पसरली. "चालवा," ते जावयाला म्हणाले. "मुलांनो, मोठ्याने मोजा."

यंत्र घरघरलं. एक, दोन, तीन, चार, पाच. टेबल लख्ख झालं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे कोण?"

जावयाने यंत्राच्या चाकांकडे बघायला सुरुवात केली.

"हे आमच्या मुलीबरोबर..." मास्तर सवयीने म्हणाले आणि थांबले. खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. "हे आमचे जावई."

ऐंशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते त्यांनाही माहीत नसावं. चार वर्षं या तीन शब्दांसाठी झुरलेला माणूस हातात नळी धरून उभा होता आणि तोंड कुठे लपवावं ते त्याला कळत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर दगड प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला गेला. तिथे ऊनही येणार होतं, पाऊसही. शाळेचा शिपाई मोठा कामसू. त्याने लगेच खांद्यावरचं फडकं काढलं आणि कट्टा पुसायला घेतला.

"अहो, थांबा!" जावई ओरडला. "राहू द्या ती धूळ!"

सगळे वळून बघायला लागले. जावई स्वतःही दचकला.

मास्तर जवळ आले. त्यांनी वही त्याच्या हातात ठेवली. नव्या पानावर लिहिलं होतं: वर्ष पहिलं. माती नाही. "दरवर्षी याच तारखेला यायचं," ते म्हणाले. "पट्टी घेऊन. ते यंत्र घरी ठेवून."

"येईन."

त्याने वहीची कोरी पानं चाळली. मास्तरांचं वय चौऱ्याहत्तर. त्यात एकतीस मिळवायला त्याला कागद लागला नाही.

"बाबा, एकतिसाव्या वर्षी..."

"मी नसेन," मास्तर उद्याचं वेळापत्रक सांगावं तसं म्हणाले. "तुम्ही असाल. नाहीतर तुम्हाला जावई म्हणायची मला काय हौस होती?"

मुख्याध्यापिकेला हसू आलं. जावयाला आलं नाही. त्याने स्वतःच्या हाताने घासून लख्ख केलेल्या त्या दगडाकडे पाहिलं. त्यावर अजून काही म्हणजे काही नव्हतं.